गाडीलाही पाटकरी हवा

शेतकी विभागाने या पानावर लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया आणि खोडव्यातील पाचट यांविषयी लिहावे, अशी रीत आहे. ती मी दरवेळी पाळतो. या वेळी मात्र संपादकांची परवानगी घेऊन उसाच्या बांधाबाहेर जातो आहे. विषय गाडीचा आहे, पण वाचून झाल्यावर तो सहकाराचाच आहे असे आपल्यालाही वाटेल, अशी आशा आहे. ही मते माझी आहेत, संचालक मंडळाची नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे.

गेल्या पावसाळ्यात आडसाली लागणीच्या नोंदी घेत मी आपल्या तालुक्यातल्या एका खोऱ्यात फिरत होतो. एका वयस्कर सभासद आजींच्या दारी गेलो. नोंदीचा कागद त्यांनी डोळ्यांपाशी नेला, उन्हाकडे धरला, मग माझ्याकडे परत दिला आणि म्हणाल्या, "तूच वाच बाबा, मी अंगठा देते."

"आजी, डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं ना?"

"तारीख दोनदा मिळाली, दोनदा गेली. सकाळी आठला शहरात हजर व्हायचं. पहिली यष्टी फाट्यावर येती तवाच आठ वाजत्यात."

"मग एखादी गाडी?"

आजी हसल्या. "गाड्या मोप हायेत. मला न्यायला मोकळी एक न्हाय."

परत निघताना मी त्या आळीतल्या चारचाक्या मोजल्या. नऊ भरल्या. दोन जमीन विकून आलेल्या पैशातल्या, तीन बँकेच्या हप्त्यावरच्या, एक मुलाच्या लग्नात आलेली, एकीचा मालक हिंजवडीला पाळीवर, एकीची बॅटरी उतरलेली, आणि एक भावाभावांच्या वादात ताडपत्रीखाली झाकलेली. नऊ गाड्या आणि एका आजीची सकाळी आठची गैरसोय. शेवटी तिसऱ्या तारखेला आजींची लेक सासरहून आली, तिने दोन दिवसांची मजुरी बुडवली आणि भाड्याची गाडी केली. भाडे दोन हजार. ऑपरेशन फुकट झाले, जाणे-येणे मात्र उसाच्या बिलावर उसने काढून करावे लागले.

मंडळी, गावात गाड्या कमी आहेत असे कोणी म्हणू नये. कमी आहे ती गाडीची पाळी.

उभी गाडी आणि बंद कारखाना

आपल्या सभासदाला कारखान्याचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. कारखाना १६० दिवस चालला काय आणि ९० दिवस चालला काय, यंत्रसामग्रीचा घसारा, व्याज आणि कायम कामगारांचा पगार तेवढाच राहतो. गाळप कमी झाले की टनामागचा खर्च चढतो. म्हणूनच आपण ऊस बाहेर जाऊ देऊ नका म्हणून दारोदार विनवण्या करतो.

मग हाच हिशेब आपण स्वतःच्या दारातल्या गाडीला का लावत नाही? बहुतेक घरांतली गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास उभी असते. हप्ता, विमा आणि घसारा मात्र चोवीस तास चालू. एखाद्या कारखान्याने वर्षातून पंधरा दिवस गाळप करावे आणि बाकीचे दिवस भोंगा पुसून ठेवावा, तसा हा प्रकार.

आता कागदावर एक हिशेब मांडून पाहू. आकडे अंदाजाचे आहेत, आपापल्या गावी ते तपासून घ्यावेत. विजेवर चालणाऱ्या लहान गाडीची किंमत १० लाख रुपये धरू. आठ वर्षांनी तिचे २ लाख येतील असे धरले, तर वर्षाचा घसारा १ लाख. विमा, टायर, दुरुस्ती ६० हजार. चावी आणि नोंदवही सांभाळणाऱ्याचे मानधन ३६ हजार. म्हणजे गाडी हलली नाही तरी वर्षाला १ लाख ९६ हजार. लहान गाडी एका युनिटमध्ये साधारण सहा किलोमीटर जाते असे धरले आणि युनिटला ९ रुपये मोजले, तर विजेचा खर्च किलोमीटरला दीड रुपया पडतो.

वर्षात गाडी १० हजार किलोमीटर चालली, तर किलोमीटरला २१ रुपये १० पैसे. २० हजार चालली, तर ११ रुपये ३० पैसे. गाडी तीच, वीज तीच. फरक फक्त चालण्याचा. एका कुटुंबाला वर्षात २० हजार किलोमीटर गाडी चालवणे परवडणार नाही, त्याची गरजही नाही. शंभर कुटुंबांना मात्र ते जड नाही.

किलोमीटरला १२ रुपये आकारले तर थोडी गंगाजळीही राहते. पौडच्या आसपासच्या गावाहून पुण्याला जाऊन-येऊन ७० किलोमीटर धरा. ८४० रुपये गाडीचे, ४०० रुपये चालकाचे, एकूण १,२४०. तिघांनी मिळून फेरी केली, तर माणशी सव्वाचारशेच्या आत. आजींच्या दोन हजारांशी ताडून पाहा.

विजेचीच का?

डिझेलच्या गाडीनेही वाटून घेण्याचे काम होईल, कबूल. पण गावाच्या गाडीच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. तालुक्याचे गाव, ग्रामीण रुग्णालय, बँक, बाजार, फार तर पुणे. रात्री ती एका जागी उभी राहते आणि तिथेच भरून घेता येते. वेगळा पंप लागत नाही. घरगुती १५ अँपिअरच्या नीट अर्थिंग केलेल्या जोडणीवर लहान गाडी रात्रभरात भरते. चढाला वीज जास्त जाते हे खरे, पण उताराला थोडी परतही मिळते. इंजिन ऑइल, क्लच असली भानगड नाही. ज्याला रोज थोडे, ठरलेले आणि जवळचे काम आहे, त्याला ही गाडी चांगली. ज्याला अचानक नागपूरला जायचे आहे, त्याने दुसरी सोय पाहावी.

आपल्या तालुक्यात विजेचा विषय निघाला की धरणाची आठवण निघते. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले आणि आपल्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. त्या इतिहासाची उजळणी करून आज गाडी मिळणार नाही. पण वेल्समधल्या टॅलिबाँट-ऑन-अस्क नावाच्या खेड्याची हकीकत मी वाचली, तेव्हा मुळशी आठवल्यावाचून राहिली नाही. त्यांच्याही गावाशेजारी शहराला पाणी पुरवणारा जलाशय आहे. गावकऱ्यांच्या संस्थेने तिथल्या पाण्यावर २००६ साली ३६ किलोवॅटचे छोटे जनित्र चालू केले आणि पुढे त्या उत्पन्नाच्या बळावर गावासाठी सामायिक गाड्या ठेवल्या. त्यांत विजेवर चालणारीही होती. पाणी शहराचेच राहिले, पण त्यातून गावालाही चाके मिळाली.

हे नवीन नाही

प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याची नोंदणी केली ते साल १९४८. त्याच साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात काही लोकांनी मोटारगाडी सामायिक वापरण्याची सहकारी संस्था काढली. एकट्याला गाडी परवडत नव्हती, एवढेच कारण. पुढे १९८७ साली त्याच देशात श्टान्स या छोट्या गावात आणि झुरिकमध्ये पुन्हा अशा दोन संस्था निघाल्या. १९९७ साली त्या एकत्र आल्या आणि आज ती संस्था 'मोबिलिटी' या नावाने देशभर चालते. अजूनही ती सहकारी संस्थाच आहे. एकट्याच्याने कारखाना होत नाही म्हणून आपण ऊस एकत्र केला. त्यांनी चाके एकत्र केली. मूळ विचार एकच.

आपल्याकडेही उदाहरण आहे. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून माणूस माणसाला ओढत होता. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असे सांगितले, आणि ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षावाल्यांना मिळाव्यात याकडे लक्ष वेधले. गुजरातमधल्या केवडियाला स्थानिक महिला ई-रिक्षा चालवतात, तो दाखलाही न्यायालयाने दिला. यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट बॅटरीची नाही. गाडी कोणाच्या हाती राहणार, ठेकेदाराच्या की ज्याचे पोट तिच्यावर आहे त्याच्या, हा खरा प्रश्न आहे.

केंद्र सरकारनेही २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. बचत गटातल्या बहिणींनी गावोगावी प्रवासी वाहने चालवावीत हा तिचा हेतू. म्हणजे आपल्या गटातल्या एखाद्या भगिनीने गावाची गाडी चालवली, तर त्यात भुवया उंचावण्यासारखे काही नाही.

बारभाईंची खेती

आता खरी गोष्ट सांगतो. ती लपवली तर हा लेख जाहिरात होईल.

मी पदविका घेऊन नोकरीला लागलो त्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका गावात, नाव घेत नाही, आमच्याच प्रयत्नाने वीस शेतकऱ्यांच्या गटाने अनुदानावर रोटाव्हेटर घेतला. नारळ फुटला, फोटो निघाला, माझे कौतुक झाले. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी वाफसा सगळ्यांच्या रानात एकाच आठवड्यात आला आणि अवजार नेमके अध्यक्षांच्या पाहुण्यांच्या गावी. पाती तुटली, तेव्हा 'शेवटी कोणी वापरला' यावर तीन बैठका झाल्या. भाडे इतके कमी ठेवले होते की नवी पाती घ्यायला पैसे नव्हते. आता तो रोटाव्हेटर लिंबाखाली आहे आणि त्यावर कोंबड्या बसतात. बारभाईंची खेती, काय लागणार हाती, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केली नाही.

मग त्याच गावात, त्याच वीस माणसांची उपसा सिंचन योजना इतकी वर्षे कशी चालली? मी बराच विचार केला. उत्तर सोपे निघाले. तिथे पाटकरी होता. पाळीपत्रक भिंतीवर लावलेले होते. रात्री दोनची पाळी असली तरी माणूस कंदील घेऊन बांधावर जायचा, आणि पाळी चुकली तर पुढच्या पाळीची वाट पाहायचा. पाणीपट्टी थकली की दार बंद, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना. रोटाव्हेटरला मालक वीस होते, पाटकरी एकही नव्हता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. गावाच्या गाडीचा प्रश्न बॅटरीचा नाही, पाटकऱ्याचा आहे. आणि पाटकरी कसा असावा हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवायला नको. त्या अनुभवावरून काही नियम सुचवतो.

१. पाळी नोंदवहीत लिहूनच. आधी दवाखाना, मग परीक्षा आणि सरकारी काम, मग बाजार, मग लग्नकार्य. पदाधिकाऱ्याला वेगळी रांग नाही.

२. दर पूर्ण खर्चाचा, घसाऱ्यासकट. 'आपलीच गाडी, कशाला पैसे' हे वाक्य ज्या दिवशी ऐकू येईल, त्या दिवशी संस्था आजारी पडली असे समजावे. सरकारी सवलत मिळाली तर घ्यावी, पण हिशेब तिच्याशिवाय मांडावा. सवलती येतात आणि जातात.

३. घसाऱ्याची रक्कम जिल्हा बँकेत वेगळ्या खात्यावर. तिला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही.

४. संध्याकाळी गाडी परत आली की तिच्यात निदान चार आणे तरी वीज शिल्लक हवी, म्हणजे रात्री अडीअडचण निघाली तर पौडपर्यंत जाता येईल. मात्र जिवावरच्या प्रसंगात १०८ लाच फोन करावा. ही गाडी म्हणजे रुग्णवाहिका नव्हे.

५. नऊ भाग गावाचे, एक भाग गरजूचा. भाग घेता न आलेल्या घरालाही पाळी मिळावी, दर थोडा जास्त असला तरी चालेल.

कायदा काय म्हणतो

खासगी नोंदणीची गाडी भाड्याने फिरवता येत नाही. गावाच्या गाडीची नोंदणी प्रवासी वाहन म्हणूनच व्हावी, तिचा विमाही तसाच असावा. विजेच्या अशा गाडीची पाटी हिरवी आणि आकडे पिवळे. बॅटरीवरच्या प्रवासी वाहनांना २०१८ सालापासून परमिटची अट नाही, ही मोठी सोय आहे. नोंदणी, विमा, पासिंग आणि चालकाचा परवाना मात्र हवाच.

दुसरी गोष्ट. चालकाशिवाय, सभासदाने स्वतः चालवायला नेण्यासाठी गाडी भाड्याने द्यायची, तर १९८९ च्या केंद्राच्या योजनेप्रमाणे परवाना लागतो आणि त्यासाठी किमान ५० गाड्या असाव्या लागतात. एका गावाला ते शक्य नाही. म्हणून सुरुवात चालकासह करावी. त्यात गावातल्या दोघा-तिघांना रोजगारही मिळतो. पण ५० हा आकडा मला घाबरवत नाही. आपल्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात पन्नासपेक्षा जास्त गावे आहेत.

शंका येणारच

पावसाळ्यात आपल्या भागात तारा तुटतात, दिवसदिवस वीज नसते. बरोबर. म्हणून गाडी रोज रात्री भरायची, उद्यावर टाकायची नाही. हंगामात कारखाना बगॅसवर स्वतःची वीज करतो. त्या काळात कारखान्याच्या आवारात एक जोडणी ठेवता येईल का, हे अभियंते मंडळींनी सांगावे.

बॅटरी मेली तर? बहुतेक कंपन्या तिची आठ वर्षांची हमी देतात. म्हणूनच वर मी आयुष्य आठ वर्षे धरले. कागद नीट वाचून सही करावी.

वडापवाल्यांच्या पोटावर पाय येईल का? वडाप भरल्याशिवाय हलत नाही आणि वाडीवस्तीवर येत नाही. गावाच्या गाडीने वाडीवरून फाट्यापर्यंत आणावे आणि जिथे वडाप, यष्टी किंवा पीएमपी मिळते तिथे सोडावे. उलट त्यातलाच एखादा चांगला चालक आपल्याला लागेल. आणि एक सावधगिरी. 'तुमच्याकडे गाडी आहे ना, मग बस कशाला' असे कोणी म्हणू लागले, तर त्याला तिथेच थांबवावे. बस हा आपला हक्क आहे. गाडी ही बसपर्यंत पोहोचण्याची शिडी आहे.

एक गाव, एक गाडी, एक वर्ष

फार मोठे काही सुरू करावे असे मी म्हणत नाही. जिथे उपसा सिंचन संस्था नीट चालते, थकबाकी नाही आणि पाटकऱ्याचा शब्द चालतो, असे एकच गाव निवडावे. शंभर कुटुंबांनी दहा-दहा हजारांचा भाग घ्यावा, म्हणजे दहा लाख उभे राहतात आणि कर्ज लागत नाही. ज्याला एकरकमी जमणार नाही, त्याच्या ऊसबिलातून त्याच्या लेखी संमतीने हप्त्याने कपात व्हावी. एक वर्ष गाडी चालवावी. दर महिन्याला किलोमीटर, जमा, खर्च आणि नाकारलेल्या पाळ्या यांचा तक्ता चावडीवर लावावा. वर्षाअखेर तोटा दिसला तर गाडी विकून भागाचे पैसे जमतील तेवढे परत द्यावेत आणि कुठे चुकले ते याच पानावर छापावे. मी लिहून देईन. रोटाव्हेटरचा अनुभव गाठीशी आहेच.

परवा त्या आजी कारखान्यावर साखर न्यायला आल्या होत्या. एका डोळ्याने आता त्यांना चांगले दिसते. साखरेच्या कार्डावरचे आपले नाव त्यांनी बोट ठेवून मला दाखवले. दुसऱ्या डोळ्याची तारीख लागायची आहे. मी विचारले, "आजी, या वेळेला कसं जाणार?"

त्या म्हणाल्या, "तुमी शिकल्याली मानसं. तुमीच सांगा."

सभासद बंधू-भगिनींनो, मला जे सुचले ते मी सांगितले. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी ज्या गावाला हा प्रयोग करावासा वाटेल, त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात कळवावे. मोटारसायकल घेऊन मी स्वतः येईन, पाळीपत्रक आपण मिळून आखू.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी